उरलेला अर्धा

अंकाला चार महिने उशीर झालाय. पैसे नव्हते, कागद महागला, छापखान्याची जुनी उधारी अंगावर होती. ही कारणं खरी आहेत. पण ती आम्ही दर खेपेला सांगतो आणि तुम्ही दर खेपेला ऐकून घेता. या खेपेला खरं कारण सांगून टाकतो. आम्हाला लिहायलाच सुचत नव्हतं.

हसू नका. कविता आल्या होत्या, पिशवीभर आल्या होत्या. एकेक वाचत गेलो. सूर्य, निखारा, ज्वालामुखी, गावकूस, हजारो वर्षं, आता पेटून उठू. नावं झाकली तर कुठली कोणाची ते खुद्द कवीलाही ओळखू येऊ नये. म्हटलं, या पोरांना झोडून काढणारं एक खरमरीत संपादकीय लिहू. बसलो. दोन पानं झाली. वाचून बघतो तर ते आमचंच तीन वर्षांपूर्वीचं संपादकीय! शब्द तेच, शिव्या त्याच, शिव्यांचा क्रमसुद्धा तोच. फाडलं. पुन्हा बसलो, पुन्हा फाडलं.

त्याच दिवसांत एका कार्यकर्त्यानं एक इटालियन पिक्चर आणला. फेदेरिको फेलिनीचा, १९६३ सालचा 'साडेआठ'. विहाराच्या मागच्या खोलीत भिंतीवर चादर लावून बघितला. सव्वादोन तासांच्या वर. भाषा इटालियन, खाली पट्टी इंग्रजी, आणि मराठीत सांगणारा एकच गडी, तोही अडखळत. निम्मी मंडळी मधेच उठून चहाला गेली. शेवटपर्यंत बसलेल्यांत बारावीतली एक पोरगी होती. दिवे लागल्यावर तिनं विचारलं, "सर, ह्याच्याकडं पैसा हाय, गाडी हाय, नोकर हायेत, बायको हाय, वर आणिक एक बाई हाय. मग ह्याचं अडलंय कुठं?"

या प्रश्नानं आमची लेखणी सुटली. म्हणून हे पान तिच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच वाचा.

गोष्ट म्हणावी तर एवढीच. गुइदो नावाचा त्रेचाळीस वर्षांचा नावाजलेला दिग्दर्शक. हे काम मार्चेलो मास्त्रोयानीनं केलंय. पुढचा सिनेमा ठरलाय. निर्माता पैसा ओततोय, नटनट्या येऊन बसल्यात, समुद्रकाठी अग्निबाणाच्या उड्डाणासाठी भला थोरला मनोरा उभा केलाय. सगळं हाय. नाही फक्त सिनेमा. गुइदोला काय सांगायचंय तेच त्याला ठाऊक नाही, आणि ही गोष्ट तो कोणाला सांगतही नाही. औषधी पाण्याच्या ठिकाणी तब्येत सुधारायला म्हणून जातो, तर सगळं गबाळ त्याच्या मागोमाग तिथं. प्रत्येकाचा एकच सवाल: माझं काम काय?

नावही तसंच. फेलिनीनं तोवर सहा पूर्ण सिनेमे केलेले, दोन तुकडे अनेक दिग्दर्शकांनी मिळून केलेल्या सिनेमांत दिलेले, आणि अगदी पहिला आल्बेर्तो लात्तुआदाबरोबर भागीत काढलेला. तुकडे अर्धे धरा, भागीतला अर्धा धरा. बेरीज साडेसात. पुढचा म्हणून हा साडेआठ. नाव कसलं, नुसता हिशेब!

सुरुवातीलाच स्वप्न. बोगद्यात गाड्या तुंबल्यात. एका गाडीत गुइदो. आत धूर भरतो, दार उघडत नाही. तो काचेवर हात मारतो, लाथा झाडतो. शेजारच्या गाड्यांतली माणसं ढिम्म बघत राहतात. मग तो कसाबसा टपावरून सुटतो, आभाळात तरंगतो. तर खाली वाळूत कोणीतरी त्याच्या पायाला बांधलेली दोरी धरून त्याला खाली खेचतंय.

हे चालू असताना आमच्यातला एक जण अंधारात बोलला, "हे तर आपलंच." नाही दोस्ता, आपलं नाही. आपली माणसं आजही गटारात उतरतात आणि आतल्या वायूनं मरतात. हातानं मैला उपसायला लावण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली नव्यानं झाला, तरी मरतात. गुइदो धुरातून जागा होतो तेव्हा उशाशी डॉक्टर उभे असतात. आपले जागे होत नाहीत. हा फरक विसरायचा नाही. पण फरक आहे म्हणून बघायचंच नाही, हेही आम्हाला मान्य नाही.

या पिक्चरचे दोन गट ठरलेले आहेत. एक फिल्म सोसायटीवाल्यांचा. त्यांना तो देव्हाऱ्यात पाहिजे. स्वप्न कुठं संपतं आणि जागेपण कुठं सुरू होतं याची पाटी फेलिनी लावत नाही, आठवण, कल्पना आणि समोरचा माणूस एकाच दारातून आत सोडतो, हे त्याचं कसब खरं आहे. ते आम्हीही मान्य करतो. पण त्या कसबापुढं डोळे मिटून बसलं की सिनेमा काय म्हणतो ते ऐकू येत नाही. दुसरा गट आमच्या लाल मित्रांचा. त्यांच्या मते हे बूर्ज्वा माणसाचं पोट साफ न होण्याचं दुखणं. गंमत अशी की १९६३ सालच्या मॉस्को महोत्सवात ग्रिगोरी चुख्राय अध्यक्ष असलेल्या परीक्षक मंडळानं या 'दुखण्या'लाच सर्वोच्च पारितोषिक दिलं, आणि तिथले अधिकारी नाराज झाले. पुढं ऑस्करही मिळालं. म्हणजे दोन्ही छावण्यांत मानपान झाला. आम्ही दोन्ही छावण्यांबाहेरचे. आम्ही आमच्या डोळ्यांनी बघू.

सिनेमात दोमिए नावाचा एक विद्वान आहे. पटकथा तपासायला आणलेला. तो गुइदोच्या मागं सावलीसारखा फिरतो आणि हरेक कल्पनेची कातडी सोलतो. गुइदोला त्याचा इतका वीट येतो की एकदा नुसतं बोट उचलून तो त्याला मनातल्या मनात फासावर चढवतो. पण शेवटी सिनेमा बारगळतो तेव्हा हाच दोमिए गाडीत बसून गुइदोचं अभिनंदन करतो. बरं झालं म्हणतो. अनावश्यक काही निर्माण करण्यापेक्षा गप्प राहणं श्रेष्ठ, कोरं पान हीच खरी पूर्णता, असा त्याचा सिद्धांत.

इथं मात्र आमचं डोकं फिरलं. कोऱ्या पानाची महती कोणी गावी? ज्याच्या घरात सात पिढ्यांची भरलेली पानं आहेत त्यानं. आमचं पान हजारो वर्षं कोरंच ठेवलं होतं, ते काय सौंदर्यदृष्टी म्हणून? फेलिनी जन्मला २० जानेवारी १९२० ला, रिमिनी गावी. त्यानंतर अकरा दिवसांनी, ३१ जानेवारीला, मुंबईत बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं. मुक्यांचा नायक! त्याच वर्षी १ ऑगस्टला वाटेगावच्या मांगवाड्यात अण्णा भाऊ साठे जन्मले. दीड दिवस शाळा, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडी, आणि पन्नाशी गाठायच्या आत तीसेक कादंबऱ्या. कोरं पान बघून अण्णा भाऊंना पूर्णता वाटली नसणार. भूक आठवली असणार. तेव्हा दोमिएसाहेब, गप्प बसण्याची चैन तुमची तुम्हाला लखलाभ. आमच्यात जो गप्प बसतो तो सिद्धांत म्हणून बसत नाही. त्याचा कोणीतरी गळा धरलेला असतो.

मग आमचा गळा आत्ता कोणी धरलाय? पिशवीभर कविता येऊनही अंकात बोलायला कोणी नाही, ते का? या प्रश्नाशी आलो आणि सिनेमा दुसऱ्यांदा बघितला. या वेळी तिघंच होतो.

दुसऱ्या खेपेला दिसली ती साराघिना. गुइदोच्या लहानपणातली. गावाबाहेर, समुद्राच्या कडेला, पडक्या लष्करी कोठडीत राहणारी धिप्पाड बाई. शाळेतली पोरं मूठभर नाणी देतात आणि ती वाळूत नाचून दाखवते. पाद्री धावत येतात, पोराला पकडतात. त्याच्या डोक्यावर टोपी चढवतात, दाण्यांवर गुडघे टेकवून बसवतात. आई रुमाल डोळ्याला लावून तोंड फिरवते. पोराला शिकवतात की साराघिना म्हणजे सैतान.

ही बाई आपल्याला इटलीची वाटली नाही. वेशीबाहेरचं घर आपल्याला ठाऊक आहे. रात्री नाणं टाकायचं आणि दिवसा विटाळ धरायचा, हा कारभारही ठाऊक आहे. मुरळीचा, जोगतिणीचा, फडातल्या बाईचा इतिहास दुसरा काय आहे? पण फेलिनीनं एक गोष्ट केली. शिक्षा भोगून झाल्यावर ते पोरगं पुन्हा तिच्याकडं जातं. ती खुर्ची टाकून समुद्राकडं तोंड करून बसलीय, गुणगुणतेय. पोरगं गुडघे टेकतं, टोपी हलवतं. ती वळून हसते. धर्मानं सैतान ठरवलेल्या बाईला एका पोरानं केलेला तो नमस्कार. सबंध सिनेमात आम्हाला सर्वांत खरा वाटला तो हा एवढाच तुकडा. आणि तो खरा का वाटतो? तिथं गुइदो काही लपवत नाही म्हणून.

बाकी सगळीकडं तो लपवतो. पोरगी विचारते अडलंय कुठं, तर इथंच अडलंय. गुइदो स्वतः म्हणतो की त्याला एक प्रामाणिक सिनेमा करायचा होता, खोटेपणा नसलेला. आणि तोच माणूस ठेवलेली बाई वेगळ्या हॉटेलात उतरवतो, बायकोला बोलावून घेतो, आणि दोघी एकाच आवारात आल्या की साळसूद चेहरा करून वर्तमानपत्र उघडतो. जो घरात चोवीस तास खोटं बोलतो त्याला पडद्यावर खरं कसं सुचावं? शब्द संपले म्हणून माणूस अडत नाही. एक गोष्ट सांगायची नसते, आणि बाकीच्या सगळ्या गोष्टींची वाट त्या एका गोष्टीवरूनच जाते, म्हणून अडतो.

त्या लपवलेल्या गोष्टीचं भयंकर रूप फेलिनीनं दाखवलंय. शेतावरच्या जुन्या घरात गुइदोचा जनाना. लहानपणी ज्या घरात दाया त्याला न्हाऊ घालायच्या, तिथंच आता आयुष्यातल्या सगळ्या बायका त्याला न्हाऊ घालतात. बायको लुइझा हसतमुखानं राबते. वयाची मर्यादा ओलांडली की बाईनं वरच्या मजल्यावर जायचं, असा नियम. एक म्हातारी होत चाललेली नर्तकी गयावया करते, तरी तिला वर धाडतात. बायका बंड करतात. गुइदो चाबूक काढतो. त्या घोळक्यात एक काळी नर्तकीही आहे. तिला साधं नावही दिलेलं नाही. आमच्या संघटनेच्या परंपरेनं १९७२ साली ज्यांच्याकडून नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरच्या बायाबापड्यांना ही बाई या घरात बघून काय वाटलं असतं?

फेलिनीला हे हास्यास्पद वाटतंय हे उघड आहे. कॅमेऱ्याजवळ त्यानं स्वतःसाठी चिठ्ठी डकवून ठेवली होती की हा विनोदी सिनेमा आहे हे विसरू नकोस. पुरुषाच्या डोक्यातला हा दरबार त्यानं चव्हाट्यावर मांडला, याचं श्रेय त्याला देऊ. पण मांडला म्हणजे मोडला असं नव्हे.

आणि मग लुइझा. आनूक एमे या नटीनं तिचं काम केलंय. नटनट्यांच्या चाचण्या पडद्यावर दाखवतात आणि लुइझा अंधारात बसून बघते. तिचा चष्मा, तिचं बोलणं, तिचं भांडण, तिचा अपमान, सगळं दुसऱ्याच बाईच्या तोंडी. तिचं आयुष्य कच्चा माल म्हणून वापरलंय, आणि तिला विचारलेलं नाही. ती उठून निघून जाते. त्या जाण्याला जेवढं धैर्य लागलं तेवढं गुइदोला सबंध सिनेमात एकदाही लागलेलं नाही.

आता पडद्यामागची एक हकीकत. ती फेलिनीनंच सांगून ठेवलीय. सिनेमा सुरू व्हायच्या बेतात होता आणि खुद्द फेलिनीचीच अवस्था गुइदोसारखी झाली होती. चिनेचित्तामध्ये, म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीत १९३७ साली उभ्या राहिलेल्या त्या स्टुडिओत, तो कचेरीत बसून निर्माता आंजेलो रिझोलीला पत्र लिहीत होता की सिनेमा राहिलेला नाही, मी माघार घेतो. पत्र अर्धं झालं असेल. बाहेरून कामगारांनी हाक मारली. एका यंत्रकामगाराचा वाढदिवस होता. पेले भरले होते. त्यांनी साहेबाला बोलावलं, त्याच्या हातात पेला दिला, आणि तुमचा हा सिनेमा थोर होणार म्हणून पिऊन टाकलं. फेलिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खलाशांना बुडत्या जहाजात टाकून पळणारा कप्तान आपण, असं वाटलं. तो बागेत जाऊन बसला. आणि तिथंच सुचलं की सिनेमा याच माणसाचा करायचा, ज्याला कुठला सिनेमा करायचाय तेच कळत नाही.

म्हणजे विद्वानानं नाही सोडवलं, कार्डिनलनं नाही. सिनेमातला कार्डिनल वाफेच्या न्हाणीघरात बसून सांगतो की चर्चबाहेर तारण नाही. धर्ममार्तंड सगळीकडं एकाच शाळेत शिकलेले! स्वप्नात पांढऱ्या कपड्यांत पाणी घेऊन येणाऱ्या सुंदरीनंही नाही सोडवलं. सोडवलं ते राबणाऱ्या माणसांच्या पेल्यानं. त्यांच्या विश्वासापुढं खोटं बोलणं अशक्य झालं म्हणून अडलेलं सुटलं. पण बघा, त्या पेल्याचा प्रसंग सिनेमात नाही. ज्यांनी सिनेमा वाचवला ते सिनेमाबाहेर राहिले. ही आपल्या चांगल्या ओळखीची गोष्ट आहे.

शेवटी पत्रकार गुइदोला घेरतात. तो टेबलाखाली शिरतो. गोळीचा आवाज. मनोरा पाडायचा हुकूम. आणि मग सगळी पात्रं, जिवंत-मेलेली, येतात, हातात हात घालून रिंगण धरतात. नीनो रोताचं सर्कशीचं संगीत वाजतं. गुइदो लुइझाला म्हणतो, मी आहे हा असा आहे, जमलं तर स्वीकार. ती म्हणते, खात्री नाही, पण प्रयत्न करीन. फेलिनीनं आधी दुसरा शेवट घेतला होता, आगगाडीच्या डब्यात सगळे बसलेत असा. तो टाकून हे रिंगण ठेवलं. बरं केलं. रिंगणात वरचा मजला नसतो.

पण मुलीनं दुसरा प्रश्न विचारलाच. "त्याच्या बायकोनं पिक्चर काढला असता तर?"

दोस्तांनो, उरलेला अर्धा हा आहे. गुइदोनं कबुली दिली, कबुलीनं त्याचं अडलेलं सुटलं, त्याला टाळ्या मिळाल्या. लुइझाच्या हाती काय आलं? प्रयत्न करायचं काम! साराघिनाला काय? एका पोराचा नमस्कार.

आपल्याकडं लुइझांनी लिहिलंय. फलटणच्या बेबीताई कांबळेंनी किराणा दुकानात बसून, चोरून, 'जिणं आमुचं' लिहिलं आणि ती पानं वीस वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवली. १९८६ साली पुस्तक झालं. त्यातही समाजाचं दुःख सांगितलं, नवऱ्याच्या हातचा मार मात्र पुस्तकाबाहेर ठेवला. तो पुढं मुलाखतीत सांगितला. सुचत नाही म्हणून हात थांबणं वेगळं आणि सुचलेलं वीस वर्षं डब्यामागं दडवणं वेगळं. मलिका अमरशेख यांनी १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहून नामदेव ढसाळांसोबतचा संसार उघड्यावर मांडला. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ साली आलं. आपण काय केलं? चळवळीची बदनामी होते, म्हणून किती जणांनी ती पुस्तकं न वाचताच मिटली? मोर्च्यात समता आणि घरात वरचा मजला, हा नियम आपल्यात कोणी मोडलाय ते सांगा.

आपली कविता अडलीय ती इथं. मनूला शिव्या देणं आता सोपं झालंय. शत्रूबद्दलचं सगळं सांगून झालं म्हणून शब्द झिजले असं नाही. स्वतःबद्दलचं काहीच सांगत नाही म्हणून झिजले. पोटजातीत मुलगी द्यायला कचरणारा आपल्यातलाच. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्ती विकणारा आपल्यातलाच. तोच सकाळी सूर्यावर कविता पाठवतो.

दुसऱ्याला सांगायचं आणि आपण वर्तमानपत्राआड बसायचं, हे गुइदोचं झालं. म्हणून 'आम्ही' सोडून 'मी' म्हणतो. या नियतकालिकाचा पहिल्यापासूनचा प्रत्येक अंक माझ्या बायकोनं प्रूफ वाचून शुद्ध केलाय. सुरुवातीचे अंक तर तिच्याच अक्षरात छापखान्यात गेले. खोलीत बैठक चालू असताना चहा तिनं केला. बस म्हणून तिला मी एकदाही म्हटलं नाही. तिचं नाव या पानांवर आजवर कुठंही नाही. स्त्रीमुक्तीवरचा विशेषांक काढला तेव्हाही नव्हतं. हे लिहायला मला चार महिने लागले, आणि हेच लिहायचं नव्हतं म्हणून बाकी काही सुचत नव्हतं.

पिशवीतल्या कविता परत पाठवतोय. राग मानू नका. जी गोष्ट तुम्ही घरात लपवलीय ती लिहून पाठवा. कविता नाही झाली तरी चालेल.

पुढच्या अंकाचं हे पान तिनं लिहावं, असं मी तिला म्हटलंय. ती अजून हो म्हणालेली नाही. हातातलं प्रूफ बाजूला ठेवलं आणि म्हणाली, बघते, विचार करून सांगते.

जय भीम.